जांभळ्या समासाची चिठ्ठी

शनिवार, ९ मे १९९८. मुलींचं शिबिर. जागा: भाटघरला धरणाजवळच्या शाळेची एक खोली. हजर: आमच्या चर्चच्या पाळकांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, भोर आणि कामथडीच्या ख्रिस्ती घरांतल्या बारा मुली, स्वयंपाकाला एक मावशी. गैरहजर कोणी नाही.

ही नोंद माझ्याच अक्षरातली आहे. मंडळीतल्या तरुणींच्या संघाची मी चिटणीस होते, वय वीस. सामानाची यादी, टेम्पोत कोण कुठं बसणार, भांडी घासायच्या पाळ्या, सगळं माझ्याकडं.

सकाळचा पाठ पावित्र्यावर होता. पुरुषाच्या मनात वासना लवकर पेटते, तेव्हा आपण जपून राहायचं, असं बाईंनी सांगितलं. ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनेनं कशी लावायची तेही दाखवलं. मी मुद्दे उतरवून घेतले. सात झाले, आणि सातही मुलांच्या मनाबद्दल. आमच्या मनाबद्दल एकही नव्हता. मला तर तोच हवा होता.

कारण फेब्रुवारीत प्रार्थनामंदिरात पंखा बसवायला वायरमन आला होता. शिडी हलत होती म्हणून मी ती धरून उभी राहिले. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, हातांवर चुन्याची धूळ. पंखा बसला, तो निघून गेला, आणि पुढचे तीन महिने माझं कशातच लक्ष लागेना. प्रार्थना केली. थंड पाण्यानं अंघोळी केल्या. रविवारी पंख्याखालची जागा सोडून दाराशी बसायला लागले. उपयोग शून्य.

दुपारी बाई म्हणाल्या, प्रत्येकीनं मनातलं पाप चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या आणि प्रार्थना झाली की चुलीत. कागद मी घरूनच कापून आणले होते. वाटले तर अकरा भरले. मुली मोजताना मी स्वतःला धरलंच नव्हतं.

शेजारी कामथडीची मैत्रीण बसली होती. तिला जूनमध्ये नर्सिंगला जायचं होतं. अर्ज मीच भरून दिला होता, फक्त पाळकांचं वर्तणुकीचं पत्र जोडायचं राहिलं होतं. ती मावशीला हाक मारायला उठली तेवढ्यात मी तिच्या गाण्यांच्या वहीतलं मागचं पान फाडलं. ती प्रत्येक पानाला जांभळ्या पेननं समास आखायची, हे मला माहीत होतं. पण माझं सगळं ध्यान अक्षर बदलण्याकडं. डाव्या हातानं लिहिलं: 'एका माणसाचे हात बघून हवंहवंसं वाटलं. अजून वाटतं. पश्चात्ताप होत नाही.'

चहाच्या आधी बाईंनी डबा उघडला. वाचणार नाही असं त्या म्हणाल्या नव्हत्या. आम्हीच तसं धरून चाललो होतो. माझी चिठ्ठी त्यांनी मोठ्यानं वाचली, कागद उलटसुलट केला, जांभळा समास मैत्रिणीच्या वहीशी ताडून बघितला आणि तिच्याकडं पाहिलं.

"म्या न्हाई लिवलं बाई. देवाशपथ."

"शपथ घ्यायची नसते, किती वेळा सांगितलं? आणि ही वही कुणाची?"

"वही माजीच हाय. पर अक्षर तरी बगा. माजं एवढं घाण न्हाई."

कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. मी चहाचे कप मोजत होते. चौदा. परत मोजले. चौदाच.

पत्र मिळालं नाही. यंदा राहू दे, पोरीचं मन स्थिर होऊ दे, असं पाळकांनी तिच्या वडिलांना सांगितलं. मी दोनदा पाळकांच्या घरी गेले. एकदा दाराला कुलूप होतं. दुसऱ्यांदा ते घरीच होते, तर मी शिबिराची दोन पातेली परत देऊन आले. वर्षाच्या आत तिचं लग्न होऊन ती वेल्ह्याकडं गेली.

२००४ मध्ये ती मला नसरापूरला एसटीची वाट बघताना भेटली. बरोबर दोन मुलं.

"काय गं चिटणीस, अजून याद्या करतीस व्हय?"

"करते."

"नवऱ्याची बी केली असशील. कवा उठवायचा, कवा जेवू घालायचा." मग मुलांना जरा लांब पिटाळून म्हणाली, "ती चिठ्ठी कुनी लिवली असंल गं? म्या लई डोकं लावलं. तुमच्यातली एक बी तशी वाटत न्हाई."

"राग आहे अजून?"

"व्हता. पत्र गेलं न्हवं माजं. पर बाई वाचत व्हत्या तवा वाटलं, हे तर माज्या मनातलं हाय. म्याच लिवाय पायजे व्हतं."

मी तोंड उघडलं. गाडी लागली. तिची पिशवी मी वर दिली. कंडक्टर चहा प्यायला गेला होता; सुटायला चांगली दहा मिनिटं होती. सांगायला एक मिनिट पुरलं असतं. मी खिडकीखाली उभी राहून मुलं कितवीत आहेत ते विचारलं.

दर जानेवारीला मी नवी वही काढते आणि जुनीतली राहिलेली कामं पहिल्या पानावर उतरवते. गॅसची नळी, विम्याचे कागद वगैरे सहसा मार्चपर्यंत निपटतात. यंदा पहिल्या पानावर एकच काम उरलंय: 'वेल्ह्याला जाणे. चिठ्ठी माझी होती हे तिला सांगणे.' त्याच्यापुढं सकाळच्या एसटीची वेळसुद्धा लिहिली आहे. खूण करायची चौकट रिकामी आहे.