पाण्यात न उतरणाऱ्या नागम्मा

आमच्या लातूरच्या गल्लीत नागम्मांना सगळे ‘समुद्रवाल्या अम्मा’ म्हणतात. माहेर तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूरचं, त्यामुळे तेलुगू मुलखाची भीती नाही. नवरा गेल्यावर किराणा दुकान दिराकडे गेलं, तेव्हा या बाई घरात बसल्या नाहीत. दर हिवाळ्यात गल्लीतल्या बायकांना रेल्वेने समुद्र दाखवायला नेऊ लागल्या. फक्त बायकांना. पुरुष बरोबर असले की बायका काठावर डबे सांभाळत बसतात, असं त्यांचं म्हणणं.

या वर्षी माझी सुकन्या त्यांच्याबरोबर विशाखापट्टणमला, त्यांच्या भाषेत वायझागला, जायचं म्हणू लागली. एकुलती एक पोर, आणि पोहता येत नाही. आमच्याकडे प्यायचं पाणी टँकरने येतं. पोहायला शिकणार कुठे?

मला नागम्मांविषयी शंका होतीच. आपला जीव शिणवून दुसऱ्यांच्या लेकी कोण फिरवतं? त्यांच्या सहलींचे फोटो मी गल्लीतल्या बायकांच्या मोबाइलवर मोठे करकरून पाहिले. मद्रासच्या वाळूत बायका, मुंबईत कठड्यावर ओळीने बायका, विशाखापट्टणमला गुडघाभर पाण्यात किंचाळणाऱ्या बायका. नागम्मा मात्र प्रत्येक फोटोत मागे, कोरड्या वाळूत, पायात चपला. पदराचं टोकसुद्धा ओलं नाही. या बाईला पाण्याबद्दल असं काय ठाऊक आहे, जे ती बाकीच्यांना सांगत नाही?

मी त्यांना चहाला बोलावलं.

“अम्मा, सगळ्यात चांगला समुद्र कुठला?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“बघायला का शिरायला?” त्या म्हणाल्या. “मुंबईला दरिया लई, पण आपल्या वाट्याला कठडा. बसा, कणीस खावा, उठा. जिथं वाळू हाय तिथं पाय ठिवायला जागा न्हाई. मद्रासला वाळू एवढी, की पाण्यापतोर जाता जाता माणूस खाली बसतंय. पण कुठं चालला म्हणून कुणी इचारत न्हाई. भाजीवाली बी लुगड्यासकट पाण्यात. वायझागला रस्ता उतरला की पाणी.”

“आणि ओले कपडे बदलायला?”

“त्याचीच बोंब हाय. चौघींनी साड्या धरायच्या, मधी एकीनं बदलायचं. एकदा मद्रासच्या भायेर एका हॉटेलवाल्यानं वाळूतच दोरी बांधलेली. पाव्हण्यांचा समुद्र हाय म्हणे. मी म्हणलं, तुझ्या बापानं खणला का रे?”

सुकन्या खो खो हसली. मी हसले नाही.

“मग तुम्ही का उतरत नाही पाण्यात?”

नागम्मांनी कप बशीत ठेवला. “वय झालं, बाई.”

हे खोटं होतं. टँकर आला की भरलेली घागर घेऊन याच बाई सगळ्यांच्या पुढे चालतात.

“पोर माझी आहे, अम्मा. खरं सांगा, नाहीतर ती येणार नाही.”

त्या म्हणाल्या, “पैल्या खेपेला मीच सगळ्यांच्या पुढं शिरले. वायझागलाच. लाटेनं पाडलं. उठून गळ्याला हात लावला, तर शिवदारा तुटलेला, लिंग गेलेलं.”

आम्ही लिंगायत. शिवदारा म्हणजे गळ्यातलं इष्टलिंग बांधायचा दोरा, आणि ते लिंग आम्ही अंगावरून उतरवत नाही. ते हरवलं, तर स्वामींकडून दुसरं मिळेपर्यंत नागम्मांच्या घरात अन्न तोंडात घालत नाहीत. परतीच्या गाडीत बाकीच्या बायका चपाती-ठेचा खात होत्या, आणि ह्या पोट बिघडलंय म्हणून खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

“बायकांना का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं, तर पुन्हा एक बी आली असती का?”

म्हणजे माझा संशय खोटा नव्हता. बाईंनी धोका लपवला होता. गळ्यातला दोरा तोडणारी लाट माणसाला सोडेल?

“मग मुंबईलाच न्या,” मी म्हणाले. “कठडा तरी आहे.”

“आई, कठड्यावरून बघायचं तर टीव्ही काय वाईट?” सुकन्या म्हणाली.

“आणि भरतीला पाणी कठड्यावरून रस्त्यावर येतंय, बाई,” नागम्मा म्हणाल्या. “मी पोरीचा हात धरते की.”

“काठावरून?” मी विचारलं.

तरी मी सुकन्याला पाठवलं. नाही म्हटलं असतं, तर पुढे कधीतरी मैत्रिणींबरोबर मला न सांगता गेली असती, हाही संशय होताच. तिचा शिवदारा बदलून जाड घातला, गाठ स्वतः ओढून पाहिली.

आज सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. फोन सहलीला गेलेल्या गल्लीतल्या नीलाबाईंच्या हातात होता, आणि त्यांच्या अंगठ्याने अर्धा समुद्र झाकलेला.

“आधी अम्मा दाखवा,” मी म्हणाले.

नागम्मा मांडीभर पाण्यात उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक. एका हाताने गळ्याशी मूठ आवळलेली, दुसऱ्या हाताने सुकन्याचं मनगट.

“आई, सोडतच नाहीत गं!” सुकन्या ओरडली. लाट आली, नीलाबाई मागे पळाल्या आणि फोन बंद झाला.

सुकन्याने नंतर ‘ठीक आहे’ असा निरोप पाठवला. पण मला झोप नाही. मी बघणार होते म्हणून नागम्मा पाण्यात उतरल्या, की माझ्या पोरीसाठी उतरल्या? उद्या सकाळी आधी न कळवता फोन लावणार आहे, आणि तोही नीलाबाईंच्या नंबरवर.