पंखांच्या घोड्याचा दाखला

आमच्या गुरांच्या डॉक्टरांना लोक ‘मुके डॉक्टर’ म्हणत. जनावरांशी ते भरपूर बोलायचे, माणसांशी कामापुरतं. सव्वीस वर्षं मी त्यांचा कंपाउंडर होतो. एवढ्या काळात त्यांच्या तोंडून एकदाच ‘शाब्बास’ ऐकलं, तेही बहुधा मी धरलेल्या बैलाला असावं.

एका दुपारी त्यांची मुलगी दवाखान्यात आली आणि तिनं तपासणीच्या टेबलावर स्वतः काढलेलं चित्र ठेवलं. ओढ्याकाठी पंखांचा घोडा, एकशिंगी पांढरं हरीण आणि दगडावर पसरलेला माशाच्या शेपटीचा सिंह. परगावी प्रदर्शन होतं; पार्सलची गाडी पाचला सुटायची.

“काका, कसं झालंय?” तिनं मला विचारलं.

“छान आहे, ताई.”

“माझ्या पहिलीतल्या हत्तीलाही तुम्ही छानच म्हणाला होता. त्याला पाच पाय होते.” मग ती वडिलांकडे वळली. “बाबा, तुम्ही सांगा. नाही जमलं म्हणालात, तर पाठवत नाही. परत ब्रशला हातही लावत नाही.”

डॉक्टरांनी हात धुतले. चष्मा लावला. वाकून बघितलं.

“घोड्यानं मागचा उजवा पाय उचललाय. लंगडतो?”

“उडायच्या बेतात आहे तो.”

“सगळे मालक असंच सांगतात. आणि हा पाण्याबाहेर कधीपासून?”

“ऊन खातोय, बाबा.”

“शेपूट वाळेल.”

“अहो, ही खरी जनावरं नाहीत!”

“मग माझ्याकडे कशाला आणलीस?”

ताईचा चेहरा उतरला. ती चित्र कापडात गुंडाळायला लागली. मी कापडाचं दुसरं टोक धरलं.

डॉक्टरांनी खण ओढला. जनावर बाहेरगावी न्यायचं तर आमचा दाखला लागतो, त्याचं पुस्तक काढलं. दहा मिनिटं लिहीत बसले. पान फाडून तिच्यापुढे सरकवलं.

‘घोडा एक, हरीण एक, सिंह एक. घोड्याचा पाय तपासला, दोष नाही. सिंह हाताच्या अंतरावर असूनही हरीण बुजलेलं नाही. कान सैल, मान खाली. सांभाळणारीला जनावर कळतं. प्रवासास योग्य.’

ताईनं दोनदा वाचलं. नाक ओढलं.

“बाबा, शिक्का राहिला.”

“कंपाउंडर, शाई आणा.”

शाईची गादी सुकली होती. मी थोडं पाणी घातलं. शिक्का जरा फिकट उठला, पण वाचता येत होता. साडेचार वाजले होते.