बसलेलं फुलपाखरू

अंदमानच्या सुट्टीत बायकोला एकच गोष्ट हवी होती : पंख उघडून निवांत बसलेलं एक फुलपाखरू. उडणारी काय, आमच्या नल्लकुंट्यातही दिसतात, असं तिचं म्हणणं.

या छंदात आम्ही दोघंही नवखे. गाईडनं पहिल्याच सकाळी नियम सांगितले. भडक कपडे नकोत, अत्तर नको, आपली सावली फुलपाखरावर पडू द्यायची नाही, आणि हातवारे, बडबड बंद. शेवटचा सोडून सगळे नियम मी निष्ठेनं पाळले. प्रत्येक फुलपाखरू बघून मला एखादा चुलता आठवे, आणि आमचे चुलते हातवाऱ्यांशिवाय सांगता येत नाहीत. फुलपाखरू फुलावर टेकायचं, माझा किस्सा रंगात यायचा, आणि ते झाडीत पसार व्हायचं.

"अहो, तुमच्यापायी इथली फुलपाखरं दुसऱ्या बेटावर राहायला गेली असतील," बायको म्हणाली. परतीच्या विमानात ती माझ्याशी बोलली नाही. मी बोललो.

घर सांभाळायला सासूबाई दिलसुखनगरहून आल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा त्या गॅलरीत कढीपत्त्याच्या कुंडीपुढे उभ्या होत्या.

"फोडणीला एक पान ठेवलं नाही मेल्यांनी. या अळ्या बघ, टाकतेच उचलून."

बायकोनं खांद्यावरची बॅगही उतरवली नाही. "आई, थांब! गाईडनं दाखवलेली अळी हीच. हिचं फुलपाखरू होतं."

"आणि फोडणी?"

"कढीपत्ता बाजारातून आणू की."

"घरचा अळ्यांना, विकतचा आपल्याला? हौ, वाढ पंगत!"

पण अळ्यांना हात लावला नाही त्यांनी. काही अळ्या पक्ष्यांनी नेल्या. एक उरली, तिनं फांदीला कोश केला. एका सकाळी तो उकलला आणि चुरगळलेल्या रुमालासारखे पंख घेऊन एक काळं फुलपाखरू फांदीला लटकलं. मी हाताची घडी घालून, ओठ मिटून उभा राहिलो. सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

"जावईबापू, बरं वाटत नाही का?"

मी मान हलवली. पंख हळूहळू ताणले गेले, मग उघडले. काठाला पांढऱ्या ठिपक्यांची ओळ होती. बायको स्टूल ओढून समोर बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. मग मागे न वळताच म्हणाली, "बोला आता. पंख वाळेपर्यंत ते कुठं जातंय?"

मी थोरल्या चुलत्यापासून सुरुवात केली.