आजीनं लावलेली हळद

निजामाचं राज्य गेलं, चुडाव्यात मराठी शाळा आली आणि माझी विधवा आजी, म्हाळसाबाई, तिथं शिकवायला लागली. घराघरात भांडून तिनं गावच्या पोरी शाळेत आणल्या. माझं लग्न मात्र तिच्याच लेकानं, म्हणजे माझ्या बापानं, मी चौथीत असताना ठरवलं.

"माणिक, पोरगी शिकायलीय. थांब की जरा," आजी बापाला रोज सांगायची. बाप ऐकेना.

हळदीच्या दिवशी मला पाटावर बसवलं. नवरदेवाची उष्टी हळद वाटीतून आली. विधवेनं हळदीला हात लावायचा नाही, म्हणून आजीला आतल्या खोलीत बसायला सांगितलं होतं. ती दारात दिसली तशी वाजंत्री थांबली.

"आई, आत जा. पाव्हणे बघायलेत," बाप दबक्या आवाजात म्हणाला.

"बघू दे."

ती सरळ मांडवात आली. तिचा पदर लागू नये म्हणून सवाष्णी अंग चोरून बाजूला झाल्या. हा यांचा धर्म! आजीनं वाटीत हात बुडवला आणि माझ्या दोन्ही गालांना हळद फासली.

"अपशकुन झाला!" म्हणत नवऱ्याकडचे उठले. बापानं आजीवर, आपल्याच आईवर, हात उगारला. ती जागची हलली नाही. हात तसाच खाली आला.

मांडव त्याच सांजेला उतरला. तिनं नातीचं वाटोळं केलं, असं भावकी अजून म्हणते. म्हणू द्या. दुसऱ्या दिवशी मी चौथीच्या वर्गात बसले होते, आणि फळ्यावर खडू चालवणारी तिची बोटं पिवळी होती.