आंब्याखालचा माणूस

आत्याच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ठाण्याच्या आमच्या नन्सच्या शाळेत व्हरांड्यात मराठी बोलताना सापडलं तर शिक्षा होई, त्यामुळे मराठी ही हळूच बोलायची भाषा आहे, अशी माझी समजूत झालेलीच होती. शिवाय मी मुळात कमी बोलणारी. आई गेल्यावर वडील मला सुट्ट्यांमध्ये नौपाड्याहून डोंबिवलीला आत्याकडे पाठवू लागले, तेव्हा ते घर मला सोयीचंच वाटलं.

घर स्टेशनपासून लांब, भातखाचरांच्या कडेला. शेजार नव्हता. पुढचा दरवाजा कायम बंद. जाणं-येणं मागच्या अंगणातून, विहिरीच्या बाजूनं. विहिरीचा रहाट कधी कुरकुरला नाही. आत्या दर शनिवारी मारुतीला तेल घालायची आणि उरलेलं रहाटाला. वहिनी भांडी घासताना ती एकमेकांना लागू देत नसे. आत्या विधवा, वहिनी तिची सून. आत्याचा मुलगा, म्हणजे माझा दादा, नोकरीसाठी कलकत्त्याला गेलेला. मला तरी तसंच सांगितलेलं.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. पहिल्याच सुट्टीत एका दुपारी मी मधल्या खोलीत पुस्तक वाचत पडले होते. पानावर वरून थोडी माती पडली. मग माझ्या उशाशी पडली, मग त्याच्याही पुढे. माती एका ओळीत पडत होती, आणि ती ओळ एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे सरकत होती. वहिनी शेजारी तांदूळ निवडत बसली होती. तिनं वर न बघताच हात लांब केला आणि माझ्या पानावरची माती झटकली.

"उंदीर असेल," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मोठा आहे."

त्या संध्याकाळी आत्यानं मला शिडीनं माळ्यावर नेलं. दादा तिथे बसला होता. तो उंच होता आणि माळ्यावर ताठ उभं राहता येत नव्हतं, त्यामुळे बसल्यावरही त्याची मान पुढे झुकलेली राही. छपरात एक काचेचं कौल होतं. त्यातून उन्हाचा चौकोन खाली पडे आणि दिवसभर माळ्यावर फिरे. दादा त्याच्यामागोमाग आपली चटई सरकवत वाचत बसे.

त्याच्या पक्षानं ठरवलं होतं की हे स्वातंत्र्य खोटं आहे, खरी लढाई आता सुरू होणार. कार्यकर्त्यांवर वॉरंटं निघाली होती. दादावरही होतं. "वर्षाच्या आत सगळं पालटेल," तो म्हणाला. "तोवर मी कलकत्त्यात. समजलं ना, मडम?"

माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला. हे सांगायला हवं, नाहीतर तो पहिल्यापासून वेडा होता असं वाटेल. वॉरंट निघेपर्यंत तो ठाण्याच्या खाडीकाठच्या मिठागरांत मजुरांमध्ये राहिला होता. पायांना पडलेल्या भेगांत मीठ कसं जातं, हे तो सांगू लागला की मला माझे शाळेचे बूट कुठेतरी लपवून ठेवावेसे वाटत. त्याला दुसऱ्यांचं दुःख दिसायचं. नसतं दिसलं, तर तो माळ्यावर गेलाच नसता.

मला काम मिळालं. दुपारी इंग्रजी वर्तमानपत्र त्याला मराठीत सांगायचं. "पण नन्सच्या आवाजात नको," तो म्हणे. मी बातमी सांगे, आणि ती खरी काय आहे ते तो सांगे. संप मोडला असं छापलं असेल तर संप चालू आहे. संप झाला नाही असं छापलं असेल तर मोठा झाला. काही छापलंच नसेल तर तो गप्प बसून हसे. ती सगळ्यात चांगली बातमी.

वळचणीखाली एक फट होती. तिच्यातून रस्त्यापलीकडचा मोकळा माळ आणि त्यातलं आंब्याचं झाड दिसे. झाडाखाली रोज दुपारी एक माणूस काळी छत्री टेकवून बसलेला असे.

"माझ्यावर नेमलाय," दादा म्हणाला.

वहिनीला हे मान्य नव्हतं. "जमिनीचा दलाल आहे तो," ती शिडीच्या तळाशी उभी राहून कुजबुजे. "गिऱ्हाइकांना प्लॉट दाखवतो. सरकारला दुसरी कामं नाहीत वाटतं? पगार देऊन माणूस बसवलाय, तुमचा खोकला ऐकायला?"

"दलाल आहे ना? मग त्याला कधी प्लॉट विकताना पाहिलंस?"

वहिनीनं पाहिलं नव्हतं. तेव्हा डोंबिवलीत प्लॉट घ्यायला फारसं कुणी येतच नव्हतं.

मग ती सकाळ आली, ज्या सकाळी सगळ्या गाड्या थांबणार होत्या. दादानं ते आम्हाला महिनाभर आधी सांगितलं होतं. रेल्वे थांबली की गिरण्या थांबणार, आणि मग बाकीचं. तो पहाटेपासून चटईवर मांडी घालून शांततेची वाट बघत बसला. आम्ही तिघी खाली बसलो. चूल पेटवायला आत्या विसरली. उजाडलं, आणि रोजच्यासारखी लांबून शिट्टी ऐकू आली.

"लष्कर चालवतंय," वरून आवाज आला. "रिकाम्या असणार. मडम, फाटकापर्यंत जाऊन बघून ये."

मी गेले. फाटकाशी उभी राहिले. कसाऱ्याकडे जाणारी पॅसेंजर हळूहळू समोरून गेली. खिडक्यांत माणसं होती. मी परत येऊन तसं सांगितलं.

दादानं विचारलं, "चेहरे बघितलेस?"

"बघितले."

"कुणी बोलत होतं? हसत होतं?"

मला आठवेना. "नाही बहुतेक."

"बसवलेली माणसं आहेत ती," दादा म्हणाला आणि त्यानं पुस्तक उघडलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फाटकाशी गेले, मला कुणी सांगितलेलं नसताना. गाडी आली. खिडक्यांत एकामागून एक चेहरे गेले. सगळे समोर बघत होते. एकही वळला नाही, एकाचेही ओठ हलले नाहीत. सकाळच्या गाडीत माणसं अशीच बसतात हे मला ठाऊक होतं. तरी गाडी गेल्यावरही मी फाटकाची दांडी सोडली नाही.

नंतरच्या एका सुट्टीत मी गेले तेव्हा वॉरंटं मागे घेतली गेली होती. मी स्वतःच ती बातमी वाचून दाखवली. दादा म्हणाला, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचली. "मसुदा चांगला केलाय," तो म्हणाला.

काही दिवसांनी भर दुपारी अंगणातून कुणीतरी दादाला नावानं हाक मारली. ते नाव त्या घरात मी इतक्या मोठ्यानं कधी ऐकलं नव्हतं. आत्याच्या हातातून पळी पडली. पळीचा आवाज घरभर घुमत राहिला. दादाचा पक्षातला जुना सोबती आला होता. तोही भूमिगत होता. आता चांगला गुटगुटीत झाला होता. मागच्या ओट्यावर बसून तो ताक प्यायला आणि छताकडे बघत बोलू लागला. पक्षानं धोरण बदललंय. आपलं चुकलं होतं. आता निवडणुका लढवायच्या आहेत. "खाली ये रे. पोस्टरं लावायला उंच माणूस पाहिजे." तो हसला. वर काहीच हललं नाही. पक्षाचं पत्रक ठेवून तो निघून गेला.

वहिनी पत्रक घेऊन वर गेली. मी शिडीवर अर्ध्यात थांबले.

"तोच होता ना?" ती म्हणाली. "इंग्रजांच्या वेळी तुमच्याबरोबर तुरुंगात होता, तोच?"

"तोच. चांगला माणूस आहे. म्हणूनच त्याला पाठवलं."

"आणि हे पत्रक?"

दादानं ते उन्हाच्या चौकोनात धरून नीट वाचलं. "आपलं नाही हे. आपण इतकं पडतं लिहीत नाही."

वहिनी खाली आली आणि माझ्याशेजारी बसली. तिच्या धाकट्या बहिणीचं कल्याणला लग्न ठरलं होतं. "मी त्यांना सांगितलंय," ती म्हणाली. "लग्नाला दोघांनी जायचं. दिवसा, पुढच्या दारानं. नाही आले तर मी एकटी जाईन, आणि मग येणार नाही. तू तरी सांग त्यांना. तुला राजकारण नाही, तुझं ऐकतील."

मी सांगितलं. जन्मात कुणाला इतकं सलग सांगितलं नसेल. दादानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "समजा, तू म्हणतेस तसं आहे. मग मी इथे काय करत होतो?"

मी शिडी उतरून खाली आले.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी वहिनी पिशवी भरून पुढच्या खोलीत आली. जरीचं लुगडं नेसली होती. तिनं पुढच्या दाराचा अडसर काढला आणि दार पूर्ण उघडलं. त्या खोलीत ऊन आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. कोपऱ्यांत कोळिष्टकं होती, ती कधी दिसली नव्हती. मग ती शिडीपाशी गेली आणि चारचौघांसारख्या आवाजात म्हणाली, "अहो, चला."

बराच वेळ काही झालं नाही. मग शिडीवर पाय दिसले, पांढरेफटक, तळव्यांना माती लागलेले. दादा एकेक पायरी उतरला. तो खाली उभा राहिला, आणि आता डोक्याला लागेल असं छप्पर नसतानाही मान वाकवूनच उभा राहिला. वहिनीनं त्याचा हात धरला. दोघं उंबऱ्यापर्यंत गेली. आत्या देवाशी उभी होती.

तेवढ्यात आंब्याखालचा माणूस उठला. त्यानं छत्री उचलली, धोतर झटकलं आणि रस्ता ओलांडून सरळ घराकडे येऊ लागला.

"बघितलंस?" दादा म्हणाला. त्याच्या आवाजात भीती नव्हती. असलंच तर समाधान होतं. त्यानं हात सोडवून घेतला आणि तो वर गेला. शिडी जराही वाजली नाही.

माणूस ओट्यापाशी आला. जवळच्याच गावातला, म्हातारा, तोंडात पान. वहिनीला दारात बघून तो दचकला.

"बाय, यो घर इकाचा हाय का?" त्यानं विचारलं. "इतकी वरसं समोर बसतंय, कवा कोनाचा आवाज आयकला नाय. दार बी बंद. रिकामाच हाय समजलू. आज उघडला दिसला म्हनून आलू इचाराला."

वहिनीनं पिशवी उचलली आणि त्याच्या बाजूनं रस्त्यावर उतरली. ती गेल्यावर आत्यानं दार लावलं, अडसर घातला. त्या दिवशी शनिवार नव्हता, तरी तिनं तेलाची वाटी घेतली आणि विहिरीकडे गेली. रहाटाला तेल घालताना ती पुटपुटली, "खाली आला असता, तर माझ्याकडे राहिला असता होय?"

पुढच्या वर्षी आंबा तोडला गेला. म्हाताऱ्याचा प्लॉट विकला गेला होता. तिथे पायाचे दगड येऊन पडले. मी हे दादाला सांगायला वर गेले. त्याला फटीतून दिसलंच होतं. "झाड काढलं," तो म्हणाला. "म्हणजे आता लपायची गरज उरली नाही त्यांना."

परत जाताना मी कल्याणला वहिनीकडे गेले. माहेरी ती शिकवण्या घेत होती. तब्येत सुधारली होती. तिनं पोहे केले, आणि मुद्दाम करत असावी तशी भांडी आपटत केले. दादाचं तिनं काहीच विचारलं नाही. बहिणीचं सांगितलं, मला मॅट्रिकचं विचारलं. निघताना जिन्यात मी म्हटलं, समोरचा आंबा तोडला, तो माणूस आता बसत नाही.

वहिनीचा हात माझ्या खांद्यावर होता. तो तिथेच थांबला.

"मग आता तो कुठून बघतो?" ती म्हणाली. कुजबुजत.

मी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. तेवढ्यात खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाक मारली, आणि आम्ही दोघीही श्वास धरून, हाक लांब जाईपर्यंत, जिन्यात उभ्या राहिलो.