डॉक्टरीणबाईंची डॉक्टरेट

हे सगळं असंच घडलं का, याची मला खात्री नाही. पन्नास वर्षांच्या संसारात किस्से नुसते साठत जातात आणि सांगता सांगता थोडे बदलतात. मी तारीख सांगितली की कुसुम वार दुरुस्त करते. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण आता इलाज नाही.

मी तिला बघायला अर्धापूरला गेलो तेव्हा नुकताच पीएच.डी. झालो होतो. घाबरून घामाघूम झालो होतो. तिच्या वडिलांच्या केळीच्या बागेत खाट टाकली होती. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "पुढं शिकणार का?"

"तुम्ही शिकू देणार का?"

"प्रयत्न करीन," मी म्हणालो.

"प्रयत्न मी करते. तुम्ही फक्त आडवे येऊ नका."

सासरे हसले आणि पोहे आणायला सांगितलं. म्हणजे लग्न ठरलं, हे मला घरी गेल्यावर कळलं.

*

बी.एस्सी., बी.एड., एम.एस्सी. असं सगळं तिनं संसार आणि दोन मुली सांभाळून केलं. नांदेडच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. एवढ्यावर थांबेल असं मला वाटलं होतं. अर्धापूरचे लोक तिला डॉक्टरीणबाई म्हणायचे, कारण मी डॉक्टर. एकदा तिनं एका शेतकऱ्याला थांबवलं. "काका, ही पदवी मला लग्नात मिळाली. आता परीक्षा देऊन मिळवणार हाय."

त्या वेळी ती बेचाळीस वर्षांची होती. विषय घेतला केळीवरचा करपा. पानांवर ठिपके पडतात आणि बघता बघता बाग वाळते, तो रोग. तिच्या वडिलांची बाग त्यानंच गेली होती. त्यामुळे ही डॉक्टरेट तिला मिळालीच पाहिजे होती, आणि तिला ती मिळणार नाही या भीतीनं माझी झोप उडाली होती. तिची नाही.

*

घरात पानंच पानं झाली. आजारी पानं फ्रीजमध्ये, कोथिंबीर बाहेर. शेजारीण माझ्या आईला विचारायची, "सूनबाई काय करून राहिल्या?"

"केळीचा दवाखाना काढलाय," आई म्हणायची. "पेशंट लई झालेत, मला उभं राहायला जागा न्हाई."

एकदा कुसुम शाळेत असताना आईकडे अचानक पाहुणे आले. आईनं कोपऱ्यातली हिरवीगार पानं धुतली आणि त्यांच्यावर जेवायला वाढलं. ती तुलनेसाठी आणलेली निरोगी पानं होती, प्रत्येकाच्या देठाला नंबराची चिठ्ठी. कुसुम दारात आली तेव्हा वरणभात सुरू होता. आता ही रडणार, असं मला वाटलं.

पाहुणे मात्र खूश होते. त्यांच्यातले थोरले म्हणाले, "बाई, नंबर लावून पंगत बसवली. मानपानाची भांडणंच न्हाईत."

कुसुमनं चौदा नंबरच्या पानावर भात वाढला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं नवी पानं आणायला अर्धापूरला गेली.

*

माझी नोकरी लातूरला होती, घरी सुट्टीलाच येणं व्हायचं. नांदेडहून सकाळच्या एसटीनं डबा यायचा. लातूरला शिकणाऱ्या कितीतरी मुलामुलींचे डबे त्याच गाडीनं यायचे आणि स्टँडवर कंडक्टर ज्याची त्याची पिशवी हातात द्यायचा. कुसुम पिशवीत डब्याखाली प्रबंधाचं प्रकरण ठेवायची, आकडेमोड तपासून घ्यायला.

एक दिवस पिशवी बदलली. माझ्या वाट्याला कुणाचीतरी मेथी आली, प्रकरण गायब. मी दिवसभर स्टँडवर चकरा मारल्या. संध्याकाळी वसतिगृहातली एक मुलगी पिशवी घेऊन दारात उभी.

"सर, वांगं मी खाल्लं. भूक लागली होती."

"खाल्लंस ते बरं केलंस. कागद?"

"हायेत. वाचले बी. तिसऱ्या तक्त्यातली बेरीज चुकलीय."

तो तक्ता मी आधीच दोनदा तपासून परत पाठवलेला होता. मी हे कुसुमला कळवलं. उलट टपाली चिठ्ठी आली: "तिला रविवारी घरी जेवायला आणा. पुढचं प्रकरण तिच्याकडेच देऊ."

*

शेवटी नांदेडजवळ विष्णुपुरीला विद्यापीठात तोंडी परीक्षा ठरली. बाहेरगावचे परीक्षक आदल्या दिवशी विश्रामगृहात उतरले. ते कडक आहेत, असं मी ऐकलं होतं. कुसुमला न सांगता मी पाचच्या सुमाराला तिथं गेलो. करू नये ते केलं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांना म्हणालो, "बाई घर, शाळा सांभाळून शिकल्यात. जरा सांभाळून विचारा." त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि "बघू" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला दोन तास सोडलं नाही. एकेक तक्ता, एकेक ठिपका. मागच्या रांगांत अर्धापूरचे शेतकरी बसले होते. माझ्यामुळेच हे चिडलेत, या विचारानं मी खुर्चीत बुडत गेलो. कुसुमनं एकही उत्तर चुकवलं नाही. परीक्षक नुसते "डॉक्टर" एवढं म्हणाले आणि पुढचं वाक्य टाळ्यांत कुणालाच ऐकू आलं नाही. शेजारी बसलेली आई म्हणाली, "आता दवाखाना खरा झाला."

माझी ती भेट मी कुणालाही सांगितली नाही. बारा-तेरा वर्षांनी लातूरला एका लग्नात ते परीक्षक भेटले. मी मान खाली घालून माफी मागितली.

"अहो, तुम्ही येणार हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी दुपारीच बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, संध्याकाळी आमचे सर येतील, फार घाबरलेत, त्यांचं ऐकून घ्या. अन् उद्या मला एकही प्रश्न कमी करू नका."

माझा विश्वास बसेना. घरी आल्या आल्या कुसुमला विचारलं. ती वर्तमानपत्र वाचत होती. मान वर न करता म्हणाली,

"हाव. चहा पाजला होता ना त्यांनी?"