कापसाच्या खोलीतला कॉम्प्युटर

आमच्या घरात दोन खोल्या होत्या. एकीत चूल आणि दुसरीत कापूस. मी घरातला पहिला पदवीधर. यवतमाळहून एक जुना कॉम्प्युटर एसटीत मांडीवर धरून राळेगावपर्यंत आणला आणि तिथून सायकलच्या कॅरिअरवर गावात. चुलीचा धूर त्याला चालणार नव्हता, म्हणून तो कापसाच्या खोलीत गेला. त्या वर्षी भाव पडलेले होते आणि बाबांनी सगळी वेचणी राखून ठेवली होती. आढ्यापर्यंत कापूस आणि दाराशी टेबलावर मी, अशी मांडणी झाली. शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप करायचं काम मला मिळालं होतं.

आठवडाभर कॉम्प्युटर नीट चालला. मग त्याच्या लोखंडी डब्याला हात लागला की तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला. एकदा झाडताना आईचा हात लागला आणि ती ओरडली. मी चौकातल्या बूथवरून यवतमाळच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला.

"घरात कापूस आहे का?"

"आहे."

"किती?"

"आढ्यापर्यंत."

"मग स्टॅटिक. थंडीची कोरडी हवा, वरून कापूस. तो काढा, नाहीतर मदरबोर्ड जाईल."

मी हे घरी जसंच्या तसं सांगितलं. ते चुकलं. बाबा लगेच म्हणाले, "बरं मंग. सांजच्याले व्यापाऱ्याले सांगून येतो. उद्या गाडी लागन."

"बाबा, भाव तं..."

"भाव मालूम हाय मले. तू तुयं काम पाह्य."

आई चुलीजवळून म्हणाली, "पोराच्या मामानं गादीपुरता मांगला तं बोंड देल्लं नाही. मशीनीनं मांगला तं सारा देऊन राह्यले."

दुपारचे तीन वाजले होते. संध्याकाळपर्यंत मला खरं कारण शोधायचं होतं. कॉलेजात भौतिकशास्त्राच्या सरांनी एक गोष्ट पक्की करून घेतली होती, त्यांचे उपकार आहेत: स्थिर वीज एकदा चट करते आणि संपते. मी आईला विचारलं, "चटका एकदाच बसते का?"

"नाही रे, हात ठेवला तवरिक मुंग्या येते."

मी हात ठेवला. काही नाही. माझ्या पायात रबरी चप्पल होती, आई अनवाणी होती. मी चप्पल काढली आणि पुन्हा हात ठेवला. मुंग्या आल्या. कापूस निर्दोष होता.

मग होल्डरमधल्या बल्बला दोन वायरी जोडल्या. सॉकेटच्या फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब लागला. फेज आणि अर्थिंगमध्ये लागला नाही. म्हणजे अर्थिंगची तार जमिनीपर्यंत पोचतच नव्हती. भिंतीतून बाहेर आलेल्या तारेमागे मी घराच्या मागं गेलो. तिथं तिचं टोक हवेत होतं आणि वायरमननं ठोकलेल्या लोखंडी गजाच्या जागी एक भोक होतं.

बाबा टोपी घालून निघालेच होते.

"बाबा, इथचा गज?"

"तो व्हय? गोऱ्ह्यानं लाकडाचा खुटा मोडला, तं मी तो उपसून गोठ्यात ठोकला. काहून, कामाचा होता?"

"मशीनीतला करंट त्याच्यातून जमिनीत जाते."

बाबांनी गोठ्याकडे पाहिलं. गोऱ्हा कडबा खात होता.

"आता तं नाही जात नं?"

"नाही. तार इथंच राह्यली."

"मंग बरं."

आईनं गोऱ्ह्याचं दावं धरलं, बाबांनी गज उपसला आणि मी तो जुन्या जागी ठोकून तार आवळली. भोवती मीठ, कोळसा आणि दोन बादल्या पाणी घातलं. फेज आणि अर्थिंगमध्ये आता बल्ब लागला. आईनं अनवाणी उभं राहून डब्यावर हात ठेवला आणि "काही नाही," एवढंच म्हणाली. बाबांनी टोपी काढून खुंटीला लावली.

भाव पुढे वाढले नाहीत. होळीनंतर बाबांनी कापूस त्याच व्यापाऱ्याला दिला, थोड्या कमीच भावानं. गाडी भरली जात असताना मी म्हणालो, "बाबा, तवाच देल्ला असता तं बरं झालं असतं."

"तवा तुया मशीनीनं इकला असता," बाबा म्हणाले. "आता मी इकून राह्यलो."